पोटातला पदर आणि आबांचे मासे

प्रिय रेवा आणि ईशान,

रेवा, परवा फोनवर तू मला विचारलंस, "आजी, तुमच्या फिश टँकचा आवाज बदलला का? आधी कॉलवर गुडगुड ऐकू यायची. आम्ही आलो तेव्हा तर टँक नुसता घूं करत होता." मी म्हणाले, बघते हं, आणि घाईघाईनं तुझ्या शाळेचा विषय काढला. पण तुझे कान आबांच्या थापेपेक्षा तीक्ष्ण निघाले.

आणि ईशान, तू आईला म्हणालास म्हणे, की आजीला मी आवडत नाही, मी आलो तर तिनं मला एकदाही जवळ घेतलं नाही. आईनं मला ते सांगितलं, आणि त्यानंतर मला गप्प बसवेना. तुम्हाला काळजी नको म्हणून आम्ही मोठ्यांनी एक गोष्ट लपवली. तिच्यातून तू भलतंच काही समजून बसलास. म्हणून सगळं सरळ, पहिल्यापासून लिहिते. आई वाचून दाखवेल. जिथे अंगावर काटा येईल तिथे कानांवर हात ठेवायची परवानगी आहे.

तुमच्याखेरीज आणखी कुणी हे वाचत असेल, ज्याच्या घरी असं दुखणं आलं आहे, त्याच्यासाठीही काही गोष्टी सांगणार आहे. मला त्या आधी कुणी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं.

माझी बायपास झाली हे तुम्हाला माहीत आहे. हृदयाला रक्त नेणाऱ्या नळ्या बुजल्या की सर्जन दुसरीकडची नळी काढून तिथे वळणरस्ता करून देतात. त्यासाठी छातीचं मधलं हाड उभं कापावं लागतं. त्याला स्टर्नम म्हणतात. काम झालं की हाडाचे दोन भाग स्टीलच्या तारांनी बांधून टाकतात. ते सगळं नीट झालं. मी घरी आले, राजाजीनगरच्या आपल्या बाल्कनीत बसून कॉफी प्यायले आणि सगळ्यांना सांगितलं, सुटले.

मग दोन गोष्टी झाल्या. कूस बदलली की छातीत टक् असं वाजायला लागलं. आणि ब्लाउजवर जखमेच्या खालच्या टोकाशी ओला डाग दिसायला लागला. एप्रिल होता. बेंगळुरूत आता पूर्वीसारखं थंड राहिलेलं नाही, म्हणून मला वाटलं, घाम असेल. मी ब्लाउज बदलत राहिले. आबांना टक्-टक् सांगितली तर ते म्हणाले, "सांधा सैल झालाय तुझा. बोल्ट आवळून घेऊ." आबांचं सगळं आयुष्य पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात पंप बनवण्यात गेलं, त्यामुळे त्यांना प्रत्येक दुखणं यंत्रातलं वाटतं. या वेळी मात्र चेष्टेत का होईना, त्यांचं निदान बरोबर होतं.

ताप आला तेव्हा आम्ही दवाखान्यात गेलो. हार्ट सर्जननी माझ्या छातीवर दोन्ही बाजूंनी तळवे ठेवले आणि म्हणाले, "अम्मा, जरा खोका." मी खोकले. त्यांच्या हाताखाली हाडाचे दोन भाग एकमेकांवर सरकले. मला ते जाणवलं आणि त्यांनाही. त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी हात लगेच काढला नाही, तसाच ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "इवत्ते अ‍ॅडमिट आगबेकु." आजच भरती व्हायला हवं. मी बेळगावची, मला कन्नड कळतं. त्या दिवशी कळलं नसतं तर बरं, असं वाटलं.

सीटी स्कॅन झाला, रक्त तपासलं, जखमेतला स्राव कापसाच्या काडीवर घेऊन कल्चरला पाठवला. कल्चर म्हणजे त्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून ते कोणते आणि कोणत्या औषधाला दाद देतात ते बघणं. आजाराचं नाव निघालं डीप स्टर्नल वूंड इन्फेक्शन. म्हणजे वरच्या कातडीत नाही, खाली हाडात आणि हाडामागे, हृदयाच्या अगदी शेजारी पू झाला होता. मला मधुमेह आहे, आणि मधुमेह असला की जखमेला जंतूंशी लढणं जड जातं. डॉक्टर म्हणाले, "कुणाची चूक शोधत बसू नका. आता वेळ महत्त्वाचा आहे."

इथे थांबून इतरांना सांगते. छातीच्या ऑपरेशननंतर जखम ओली दिसली, हाड वाजलं, थंडी-ताप आला, तर घाम समजू नका. आमच्या खालच्या मजल्यावरच्या सरोजाक्का हळद घेऊन आल्या होत्या. "स्वल्प लावून तर बघा," म्हणाल्या. हळद भाजीत घाला. जखम डॉक्टरला दाखवा.

दुसऱ्या दिवशी मला पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं. तारा काढल्या, सडलेलं हाड काढलं, सगळं धुतलं. याला डिब्राइडमेंट म्हणतात, म्हणजे मेलेला भाग काढून जिवंत भाग मोकळा करणं. मग जखम शिवली नाही. ईशान, आता कान झाक. माझी छाती मधोमध उघडी ठेवली. जंतू आत असताना वरून शिवणं म्हणजे चोर घरात कोंडून बाहेरून कुलूप लावणं. त्या खळग्यात काळा स्पंज बसवला, वरून पारदर्शक चिकट कागद लावला आणि एक नळी जोडली. नळीचं दुसरं टोक पलंगाशी अडकवलेल्या एका छोट्या यंत्रात. त्याचं नाव व्हॅक. ते जखमेतला स्राव सतत हळूहळू ओढून घेतं आणि खालचं मांस लालबुंद, निरोगी व्हायला मदत करतं.

आबा त्या यंत्रापुढे उकिडवे बसले. इतके दिवस पडलेला त्यांचा चेहरा पहिल्यांदा उजळला.

"अगं सुमन, हा तर आपला व्हॅक्यूम पंप! सिस्टर, सक्शन किती ठेवलंय?"

लिझी नावाची केरळची सिस्टर होती. ती म्हणाली, "अंकल, मशीन मी बघते. तुम्ही आंटीकडे बघा."

"तिच्याकडे लग्नापासून बघतोय," आबा म्हणाले, "हे मॉडेल नवीन आहे."

हसले तर जखम ओढली जायची, म्हणून मी डोळ्यांनी हसले.

आता माशांकडे येते. आपल्या घरात एक जुनी पद्धत आहे. लांबच्या माणसाला आजार बरा झाल्यावर कळवायचा. आबांच्या वडिलांचं ऑपरेशन झालं तेव्हा आबांना टाके काढल्यावर पोस्टकार्ड आलं होतं. मीही तीच रीत बरी समजत आले. विमानानं इतक्या लांब असलेल्या मुलाला सांगून काय, तो तिथे बसून नुसता तळमळणार. म्हणून टोरोंटोला तुमच्या बाबांना सांगितलं, आई ठीक आहे, थोडी थकलीय. रविवारचा व्हिडिओ कॉल चुकवला तर संशय येणार, म्हणून मी सगळी व्यवस्था लावली. आबांनी घरून आपली निळ्या फुलांची चादर आणली आणि माझ्यामागे टांगली, म्हणजे दवाखान्याची भिंत दिसू नये. उशीला घरचा अभ्रा. खांद्यावरून शाल. सलाईनचा हात पांघरुणात. फोन आबांच्या हातात, फक्त माझा चेहरा दिसेल इतका जवळ.

एका रविवारी चिकट कागद कुठेतरी सुटला, आत हवा शिरली आणि यंत्र जोरात गुडगुडायला लागलं. ईशान, तू विचारलंस, "आबा, तो आवाज कसला?"

आणि आबा, ज्यांनी आयुष्यात विक्रीकर अधिकाऱ्यालाही थाप मारली नाही, पटकन बोलून गेले, "मासे! आबांनी मासे पाळलेत."

"किती?"

"पाच."

"नावं काय?"

आबांनी कारखान्यातल्या जुन्या सहकाऱ्यांची नावं घेतली. नंजप्पा, गौडा, फ्रान्सिस, मूर्ती आणि बाशा. तू म्हणालास, सगळ्यात बेस्ट कोण? आबा म्हणाले, नंजप्पा, तो काळा आहे आणि त्याला मिशा आहेत. तुझा आनंद त्या छोट्या पडद्यातून उतू जात होता. फोन ठेवल्यावर मी म्हणाले, "अहो, पोरं जूनमध्ये येणार आहेत. मासे कुठून आणणार?"

"आधी तू घरी ये," आबा म्हणाले. "मासे काय, तळं आणतो."

व्हॅकचा स्पंज दर काही दिवसांनी बदलत. त्याच्या आधी दुखू नये म्हणून इंजेक्शन देत. पहिल्यांदा मी तोंड फिरवलं. नंतर एकदा लिझीला म्हणाले, मला बघायचंय. तिनं डॉक्टरांना विचारून लहान आरसा धरला. मला भीती वाटेल असं वाटलं होतं. तिथे खोलगट लाल जागा होती आणि तळाशी काहीतरी एका लयीत हलत होतं. मी विचारलं, ते काय? लिझी म्हणाली, "आंटी, ते तुम्हीच आहात." मी आयुष्यभर हृदय हा शब्द वापरला, कविता शिकवताना तर फारच वापरला. तो असा आपला आपण काम करत असलेला कधी पाहिला नव्हता. मी मनात त्याला नमस्कार केला.

जखम स्वच्छ झाली, जंतू कमी झाले, तेव्हा प्लास्टिक सर्जन आल्या. डॉक्टर वीणा. मला वाटायचं प्लास्टिक सर्जरी म्हणजे नट्यांची नाकं. त्या पलंगाच्या कडेला बसल्या आणि मला सगळं समजावून सांगितलं. हाड गेलं तिथे आता खड्डा आहे. वरून नुसती कातडी ओढून शिवली तर खाली पोकळी राहील, तिथे पुन्हा पू साचेल. खड्डा भरायचा तो जिवंत मांसानं, ज्याला स्वतःचा रक्तपुरवठा आहे. अशा मांसाला फ्लॅप म्हणतात. एका जागचं मांस, त्याची रक्तवाहिनी न तोडता, वळवून दुसऱ्या जागी न्यायचं. छातीच्या दोन्ही बाजूंचे मोठे स्नायू, पेक्टोरॅलिस, मधे आणून एकमेकांना जोडायचे.

"पण ते खालपर्यंत पुरत नाहीत," त्या म्हणाल्या. "तुमची जखम खाली जास्त आहे. तिथे ओमेंटम लागेल."

मी म्हणाले, म्हणजे? त्यांनी आपल्या साडीचा पदर हातात घेतला आणि पोटावर पसरून दाखवला. "आतड्यांवर असा एक चरबीचा पदर असतो, अम्मा. सेरगु. पोटात कुठे काही बिघडलं की तो तिथे जाऊन झाकण घालतो. रक्त भरपूर, जंतूंशी लढायला पटाईत. त्याची एक बाजू सोडवून मी तो वर तुमच्या छातीत आणणार." आणि माझ्या पोटाकडे बघून, अगदी शिंप्यानं कापड जोखावं तशा, म्हणाल्या, "तुमच्याकडे काही कमतरता दिसत नाही."

आबा इतके हसले की शेजारच्या पेशंटचे नातेवाईक पडद्याआडून डोकावले. ज्या पोटापायी त्यांनी मला आजवर टोमणे मारले, ज्याच्यासाठी मी पार्कात फेऱ्या मारून मारून चपला झिजवल्या, ते कामाला येणार होतं. मी म्हणाले, "बघा, जपून ठेवलं म्हणून बरं."

हसून झाल्यावर डॉक्टर वीणांनी विचारलं, "मुलगा कॅनडात ना? त्याला काय सांगितलंय?"

आबांनी आमची रीत सांगितली. बरं झाल्यावर कळवतो, म्हणाले.

"आणि बरं झालं नाही तर?"

त्यांनी हे कठोरपणे विचारलं नाही. उत्तर हवं होतं म्हणून विचारलं. आबा खिडकीशी गेले. इतके दिवस आम्ही दोघांनी तो प्रश्न चादरीमागे झाकून ठेवला होता. मग त्यांनी फोन काढला आणि तुमच्या बाबांना लावला. "मंदार," एवढंच म्हणाले आणि फोन माझ्याकडे दिला.

बाबा ऑफिसच्या कामासाठी भारतात येताहेत, असं तुम्हाला सांगितलं होतं. ते काम म्हणजे मी.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी डॉक्टर वीणांना एकच गोष्ट विचारली. जगेन का, हे विचारलं नाही. त्याचं उत्तर त्या हो देणार नव्हत्या आणि नाहीही म्हणणार नव्हत्या. मी म्हणाले, "माझी नातवंडं जूनमध्ये येतील. धाकटा धावत येऊन पोटाला मिठी मारतो. त्याला घेता येईल?"

त्यांनी विचार केला. "जूनमध्ये नाही, अम्मा. स्नायू नव्या जागी रुजायला वेळ लागतो. कुणी आदळलं, तुम्ही कुणाला उचललं, तर टाके फाटतील. आधी जखम मिटू दे. मिठी नंतर."

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही. जाग आली तेव्हा घशात नळी होती आणि ती माझ्याऐवजी श्वास घेत होती. बोलता येत नव्हतं. बाजूला कुणीतरी माझी बोटं धरली होती, आणि त्या हातावरचा लहानपणी सायकलवरून पडल्याचा व्रण मला लागला. डोळे उघडण्याआधीच मला कळलं की मंदार आलाय.

पुढचे दिवस संथ होते. जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या, त्यांना ड्रेन म्हणतात, त्या एकेक करून निघाल्या. उठताना हातावर भार द्यायचा नाही, कुशीवर वळून, पाय खाली सोडून उठायचं. हात डोक्यावर न्यायचे नाहीत. भरलेली कळशी तर सोडाच, दुधाचं पातेलंही उचलायचं नाही. खोकला आला की छोटी उशी छातीशी घट्ट धरायची. ती उशी माझा दागिना झाली. खाण्यात डाळ, पनीर, उसळी, कारण नवं मांस प्रथिनांवर वाढतं. साखर काटेकोर. सरोजाक्कांचं मिरीचं सार रोज घरून यायचं, आणि ते मी कुणाच्याही सल्ल्याविना प्यायले.

अंगात घालायला पुढून उघडणारे गाऊन हवे होते. आबा मेट्रोनं चिकपेटला गेले आणि ढीगभर घेऊन आले, सगळे एकाच शेंदरी रंगाचे. म्हणाले, होलसेलमध्ये असेच मिळतात. तुमच्या अल्बममध्ये सगळ्या सुट्टीभर मी एकच कपडा घातलाय असं दिसतं, त्याचं कारण हे.

मी घरी आल्यावर आबा आणि मंदार मासे शोधायला निघाले. बाकी चार सहज मिळाले. मिशावाला काळा मासा मात्र काही सापडेना. दुकानदार दर वेळी सोनेरी दाखवी आणि आबा म्हणत, "नाही हो, नंजप्पा काळा आहे." शेवटी यशवंतपूरच्या एका दुकानात तो एका टाकीच्या तळाशी लपून बसलेला सापडला. पैसे देण्याआधी आबांनी त्याच्या मिशा चष्मा लावून तपासल्या.

मग तुम्ही आलात. ईशान, दार उघडलं आणि तू बॅग टाकून माझ्याकडे धावलास. मी हात पुढे केले नाहीत. छातीशी उशी धरली. आबांनी तुला गोलकीपरसारखं मधेच अडवून उचललं आणि म्हणाले, चल, आधी नंजप्पाला भेट. तू त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होतास. तुझा तो चेहरा माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही. तुझ्या मुठीत माशांच्या खाण्याचा डबा होता, टोरोंटोहून माझ्या माशांसाठी आणलेला.

तेव्हाच सांगायला हवं होतं. तुझा हात धरून म्हणायला हवं होतं, आजीच्या छातीत नवीन काम झालंय, अजून ओलं आहे, जरा थांब. तुला ते सहज कळलं असतं. ज्यांच्या घरी आजार आहे त्यांना माझं हे शेवटचं सांगणं. लहान मुलांना खरं सांगा. नाहीतर ती स्वतःच काहीतरी ठरवतात, आणि ते नेहमी स्वतःच्या विरुद्ध ठरवतात.

गेल्या आठवड्यात मी तपासणीला गेले. डॉक्टर वीणांनी छातीवर दोन्ही तळवे ठेवले आणि म्हणाल्या, "अम्मा, खोका." मी खोकले. काही सरकलं नाही. काही वाजलं नाही. "सरी," त्या म्हणाल्या, म्हणजे ठीक. "जखम पक्की झाली. आता नातवाला बोलवा. पण त्याला सांगा, धावत नाही, चालत." ऑपरेशनआधीचा माझा मिठीचा प्रश्न त्यांना आठवत होता. मी घरी येईपर्यंत रिक्षात रडले. रिक्षावाल्यानं आरशातून बघून विचारलं, "येनु अम्मा, काय झालं?" मी म्हणाले, काही नाही अण्णा, चांगलं झालंय.

तर आता काय काय उरलं आहे ते सांगते. पाचांतले तीन मासे गेले. आबा तुम्हाला सांगणार नव्हते, पण आता लपवाछपवी बंद. बाशा आणि नंजप्पा आहेत, आणि रेवा, तुझं बरोबर होतं, त्यांचा टँक नुसता घूं करतो. माझ्या छातीचं मधलं हाड बहुतेक गेलं. तिथे आता दोन बाजूंचे स्नायू आणि माझ्याच पोटातला पदर आहे, त्यामुळे ती जागा मऊ आहे, डोकं टेकायला पूर्वीपेक्षा चांगली. पदराखाली हृदय आहे आणि चालू आहे. आबा आहेत. आणि ईशान, जूनमधली तुझी मिठी माझ्याकडे तशीच शिल्लक आहे.

तुमची,
आजी